जमीन विकायची आहे? दलाल पूर्णवेळ बघावा की जोडधंद्यावाला? सौदा ठरवण्याआधी हे वाचा

समृद्धी महामार्ग बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या पट्ट्यातून गेला आणि रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत जमिनीच्या सौद्यांची चर्चा सुरू झाली. आता चहाच्या टपरीवर, कृषी सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात कुठेही बसा, "जमीन द्यायची का?" असं विचारणारा एखादा तरी भेटतोच. त्यातले काही जण तालुक्याच्या गावी बोर्ड लावून, ऑफिस टाकून हाच धंदा करतात. बाकीच्यांचा मुख्य कामधंदा वेगळा असतो आणि दलाली हा जोडधंदा. कुणी विमा एजंट, कुणी दुकानदार, कुणी नोकरदार, कुणी माजी पदाधिकारी.

मग जमीन विकायची किंवा घ्यायची वेळ आली की घरात प्रश्न पडतो. ऑफिसवाल्याकडे जावं की गावातल्याच ओळखीच्या माणसाला सांगावं? एक म्हणतो, "ऑफिसवाला लुटतो, आपला माणूस बरा." दुसरा म्हणतो, "आपल्या माणसाला कागदातलं काही कळत नाही." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. शेतकऱ्याच्या घरात जमीन विकण्याची वेळ आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदाच येते. त्यात चूक झाली तर ती पुढच्या हंगामात भरून निघत नाही. म्हणून हा फरक नीट समजून घेतलेला बरा.

दलालाचं काम नेमकं कोणतं?

दलाल घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देतो. गावातला चालू भाव सांगतो, जमीन दाखवतो, भाव जुळवतो, इसाराची बैठक बसवतो आणि खरेदीच्या दिवसापर्यंत दोन्ही बाजूंना धरून ठेवतो. चांगला दलाल कागद गोळा करायलाही मदत करतो.

पण मालकी हक्क तपासणं हे दलालाचं काम नाही. सातबाऱ्यावरची नावं बरोबर आहेत का, बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा राहिला आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, हे वकिलाने बघायचं असतं आणि घरच्यांनीही बघायचं असतं. "कागद एकदम क्लिअर आहेत" हे दलालाचं बोलणं म्हणजे खात्री नव्हे. दलाल पूर्णवेळ असो की जोडधंद्यावाला, ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे.

जोडधंद्यावाल्याची जमेची बाजू

गावातला माणूस गाव ओळखतो. कोणत्या गटात उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकतं, कोणता पांदण रस्ता पावसाळ्यात बंद होतो, कोणत्या धुऱ्यावरून दोन भावांत बोलणं बंद आहे, हे त्याला कागद न बघता माहीत असतं. तालुक्याच्या ऑफिसात बसलेल्याला ते दोन चकरा मारूनही कळेलच असं नाही.

दुसरं, त्याला त्याच गावात राहायचं असतं. सौदा बिघडला तर उद्या त्याच पारावर बसायचं असतं. या लाजेचा उपयोग होतो. तिसरं, त्याचं घर दलालीवर चालत नाही. त्यामुळे "आजच इसार घ्या, नाहीतर गिऱ्हाईक जाईल" अशी घाई तो कमी करतो. महिना-दोन महिने थांबायची त्याची तयारी असते.

शेजारच्या शेतकऱ्यालाच जमीन द्यायची आहे, भाव जवळजवळ ठरला आहे, फक्त मध्ये एक विश्वासाचा माणूस हवा, अशा सौद्याला गावातला जोडधंद्यावाला बहुतेक वेळा पुरतो.

त्याची अडचण कुठे येते?

पहिली अडचण वेळेची. जमिनीची बहुतेक कामं तलाठी कार्यालय, तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक आणि बँक इथे होतात. राज्य सरकारच्या बहुतेक कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे कार्यालयं ज्या वेळी उघडी असतात, नेमक्या त्याच वेळी नोकरी करणारा दलाल स्वतःच्या ड्युटीवर असतो. रविवारी तो जमीन दाखवायला मोकळा, पण मोजणीचा अर्ज, बँकेचा बेबाकी दाखला, फेरफाराची चौकशी ही कामं रविवारी होत नाहीत. ती शेवटी शेतकऱ्याच्याच गळ्यात पडतात.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. त्याच्याकडे दोन-चारच घेणारे असतात. त्यातला एक पसंत पडला की तोच भाव "बाजारभाव" म्हणून सांगितला जातो. बाहेरचा घेणारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तिसरी अडचण नात्यागोत्याची. घेणारा त्याचा साडू किंवा मित्र असू शकतो. अशा वेळी तो नेमका कुणाच्या बाजूने बोलतो हे कळत नाही.

चौथी गोष्ट नोकरदार दलालाची. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. त्यामुळे असा माणूस दलालीची पावती देत नाही, लेखी काही करत नाही आणि वाद झाला की "मी तर फक्त ओळख करून दिली" म्हणून बाजूला होतो. ज्याला लेखी देता येत नाही त्याच्यावर मोठा सौदा सोपवणं धोक्याचं आहे.

पूर्णवेळ दलालाचा फायदा

पूर्णवेळ दलाल कार्यालयीन वेळेत मोकळा असतो, म्हणजे त्याचं तेच काम असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेणं, मुद्रांक शुल्क किती लागेल ते काढणं, साक्षीदारांची जुळवाजुळव, पूर्वपरवानगी लागणाऱ्या जमिनीसाठी कुठे अर्ज करायचा, हे त्याला रोजचं झालेलं असतं. त्याच्याकडे बाहेरगावचे घेणारे असतात. आसपासच्या पाच-दहा गावांत गेल्या वर्षभरात खरेदी कोणत्या भावाने झाली हे त्याला माहीत असतं. पावती, हिशेब, पत्ता, बोर्ड असं सगळं असतं. वाद झाला तर निदान तो कुठे सापडेल हे माहीत असतं.

रस्त्यालगतची जमीन, मोठं क्षेत्र, बाहेरचा घेणारा, अनेक वारस, बँकेचा बोजा अशी गुंतागुंत असेल तर जाणकार पूर्णवेळ माणसाचा उपयोग होतो.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे

पूर्णवेळ दलालाचं घर सौद्यावर चालतं. सौदा झाला नाही तर महिना रिकामा. त्यामुळे भाव वाढवण्यापेक्षा सौदा लवकर मिटवण्याकडे त्याचा ओढा असू शकतो. एकरी लाखभर रुपये वाढवण्यासाठी दोन महिने थांबण्यात शेतकऱ्याचा मोठा फायदा असतो. दलालाच्या पदरात मात्र त्यातून फार थोडं पडतं.

शिवाय शेतकरी त्याच्याकडे एकदाच येणार. जमिनी घेणारा मोठा गिऱ्हाईक दर महिन्याला येणार. दोघांत ओढाताण झाली तर तो कुणाला सांभाळेल, हे सांगायला नको.

आणि बोर्ड लावला म्हणजे माणूस जाणकार झाला असंही नाही. काही जण सहा महिन्यांपूर्वीच धंद्यात आलेले असतात. ते पूर्णवेळ असतात, पण अनुभव शून्य. उलट वीस वर्षं जोडधंदा म्हणून पाच गावांतले सौदे केलेला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो.

"वरचे माझे" हा सौदा कसा महाग पडतो?

दोन्ही प्रकारच्या दलालांत एक पद्धत दिसते. दलाल म्हणतो, "मला दलाली नको. तुम्हाला एकरी १८ लाख हातात देतो. वर काय मिळेल ते माझं." ऐकायला बरं वाटतं, कारण खिशातून काही जात नाही.

आता हिशेब करून बघा. समजा ३ एकर जमीन आहे. शेतकऱ्याला १८ लाखांप्रमाणे ५४ लाख मिळाले. दलालाने घेणाऱ्याला एकरी २१ लाखांनी जमीन दिली, म्हणजे ६३ लाख. मधले ९ लाख दलालाचे. हाच सौदा उघड भावाने झाला असता आणि शेतकऱ्याने २ टक्के दलाली दिली असती, तर दलाली झाली असती १ लाख २६ हजार. शेतकऱ्याच्या हातात ६१ लाख ७४ हजार आले असते. "दलाली नको" म्हणणारा दलाल शेतकऱ्याला पावणेआठ लाखांना पडला.

याचाच आणखी एक प्रकार आहे. दलाल स्वतः थोडा इसार देतो, सहा महिन्यांच्या मुदतीचं साठेखत करून घेतो आणि त्या मुदतीत जास्त भावाचा गिऱ्हाईक शोधतो. खरेदी मात्र थेट शेतकऱ्याकडून त्या गिऱ्हाइकाच्या नावावर होते. अशा वेळी तो दलाल राहिलेला नसतो, तो स्वतः घेणारा झालेला असतो. जो स्वतः घेणारा आहे तो शेतकऱ्यासाठी भाव वाढवणार नाही, हे उघड आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ यात दलालासारख्या प्रतिनिधीची जबाबदारी सांगितली आहे. ज्याचं काम घेतलं त्याला अंधारात ठेवून प्रतिनिधीने त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा करून घेतला, तर तो फायदा मागण्याचा हक्क मूळ मालकाला आहे. गैरवर्तन केलेल्या कामाचा मोबदलाही प्रतिनिधीला मागता येत नाही. पण हे सगळं सिद्ध करायला "हा माझा दलाल होता आणि हे ठरलं होतं" असा कागद लागतो. तोच नसेल तर कायदा असूनही हात रिकामे राहतात.

महारेराचा नंबर कुठे लागतो, कुठे नाही?

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याखाली राज्यात महारेरा हे प्राधिकरण आहे. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा गाळा विकून द्यायचा असेल, तर दलालाची स्वतःची महारेरा नोंदणी असलीच पाहिजे. कायद्याने पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेद केलेला नाही. रविवारीच काम करणारा असला तरी नोंदणी लागते. नोंदणी नसताना काम केलं तर रोज १० हजार रुपयांप्रमाणे, त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

२०२४ पासून महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्रही बंधनकारक केलं आहे. दलालाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी "ए" अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा "पी" अक्षराने. काही जण प्रकल्पाचा नंबर दाखवून "हाच माझा नंबर" म्हणतात. दोन्ही नंबर वेगळे असतात. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून तपासता येतात.

गावाकडे याचा संबंध येतो तो प्लॉटिंगमध्ये. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ५ गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील, तर साधारणपणे प्रकल्पाची महारेरा नोंदणी लागते. "एनए होणार आहे, आत्ता बुक करा" असं सांगून सामाईक सातबाऱ्यावर गुंठा-गुंठा विकणाऱ्यापासून लांब राहावं. तिथे दलाल पूर्णवेळ आहे की अर्धवेळ हा प्रश्नच नाही. अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि महारेरा क्रमांक दाखवा, एवढंच विचारायचं.

साध्या शेतजमिनीच्या सौद्याला मात्र महारेराची अशी नोंदणी लागू होत नाही. म्हणजे शेतजमिनीची दलाली कुणीही करू शकतो. म्हणूनच तिथे माणूस पारखून घेण्याची आणि लेखी ठरवण्याची गरज जास्त.

कोणत्या सौद्याला कोण?

• गावातल्या गावात, ओळखीत, थोडं क्षेत्र, भाव जवळजवळ ठरलेला: गावातला अनुभवी जोडधंद्यावाला चालेल. कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत.

• रस्त्यालगतची किंवा मोठ्या क्षेत्राची जमीन, घेणारा बाहेरचा: पूर्णवेळ दलाल बरा. पण भाव किमान दोन-तीन जणांकडून काढावा आणि अलीकडच्या खरेदीचे आकडे बघावेत.

• वारस जास्त, बोजा, जुनं कूळ, वर्ग २ ची जमीन: आधी वकील, मग दलाल. अशी जमीन दलालाच्या ओळखीने "मोकळी" होत नाही. त्याला अर्ज आणि आदेश लागतो.

• महारेरातला प्लॉट किंवा फ्लॅट: नोंदणी असलेलाच दलाल, मग तो पूर्णवेळ असो वा नसो.

• मालक पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, जमीन गावाकडे: कार्यालयीन वेळेत धावपळ करणारा माणूस लागतो. पण सही करण्याचे अधिकार दलालाला देऊ नयेत. ते घरच्या विश्वासू माणसाला द्यावेत.

पहिल्या भेटीत विचारायचे सात प्रश्न

१. तुमचा मुख्य धंदा कोणता? कार्यालयाच्या कामाला कोण येणार, तुम्ही की मी?

२. गेल्या वर्षभरात या भागात किती खरेद्या करून दिल्या? त्यातल्या दोन विकणाऱ्यांशी बोलता येईल का?

३. तुम्ही कुणाच्या बाजूने? दुसऱ्या बाजूकडूनही दलाली घेणार का, किती?

४. घेणारा तुमच्या नात्यातला किंवा भागीदार आहे का? तुम्ही स्वतः घेणार आहात का?

५. दलाली किती टक्के आणि कधी द्यायची?

६. लेखी देणार का? दलालीची पावती देणार का?

७. इतक्या मुदतीत गिऱ्हाईक आलं नाही तर मी दुसरीकडे मोकळा का?

या प्रश्नांवर जो चिडतो किंवा "आपल्यात कशाला एवढं" म्हणून विषय टाळतो, त्याला तिथेच रामराम करावा. खरा धंदा करणारा माणूस अशा प्रश्नांनी नाराज होत नाही.

विचारताना भीड वाटते हे खरं आहे. विशेषतः दलाल वयाने मोठा किंवा भावकीतला असेल तर. अशा वेळी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने मोबाईलवर प्रश्न लिहून न्यावेत आणि "काका, घरी सगळ्यांना सांगायचंय म्हणून विचारतो" असं म्हणून एकेक विचारावा. मान राखूनही विचारता येतं.

एक पान लिहून घ्या

दलालीचा कागद लांबलचक नको. त्यात एवढं असलं तरी पुरे: दोघांची नावं आणि पत्ते, गट नंबर आणि क्षेत्र, विकणाऱ्याला अपेक्षित कमीत कमी भाव, दलालीचा दर, दलाली कधी द्यायची, कराराची मुदत आणि दोन साक्षीदार. त्यात चार अटी स्पष्ट घालाव्यात. घेणाऱ्याने दिलेला पूर्ण भाव विकणाऱ्याला कळलाच पाहिजे. इसार किंवा कोणतीही रक्कम दलाल स्वतःकडे घेणार नाही. दोन्हीकडून दलाली घेत असेल तर आधी सांगेल. आणि स्वतः किंवा नातेवाईक घेणार असेल तर लेखी कळवेल.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. बहुतेक ठिकाणी एका बाजूकडून एक ते दोन टक्के चालतात, पण हा बोलणीचा भाग आहे. मोठ्या सौद्यात टक्का कमी करून मागता येतो. ज्या दलालाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आहे तो जीएसटी लावू शकतो, तेही आधीच विचारून घ्यावं.

दलाली कधी द्यायची यावर बरेच वाद होतात. करार कायद्याचा साधा नियम असा की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही. म्हणून इसाराच्या दिवशी पूर्ण दलाली देऊन टाकू नये. खरेदीखत नोंदवून पैसे खात्यात जमा झाल्यावर द्यावी. फार तर थोडा भाग इसाराला आणि बाकी खरेदीनंतर असं ठरवावं.

मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये. "फक्त माझ्याकडूनच विकायची" अशी अट दलाल घालत असेल तर मुदत आणखी कमी ठेवावी. तारीख उलटली की शेतकरी मोकळा.

दलाल कोणताही असो, हे स्वतः बघा

महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कार्यालयीन कामाला चालतो. विकणाऱ्यानेही आपलाच सातबारा सौद्याआधी काढून बघावा. कितीतरी वेळा फेडलेल्या पीककर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो आणि ऐन खरेदीच्या दिवशी घेणारा तेच कारण सांगून भाव पाडतो.

सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघाव्यात. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर विकण्याआधी परवानगी लागते. "इतर हक्क" रकान्यात बोजा, कूळ, वारस, दावा यांपैकी काही आहे का. आणि सगळ्या हिस्सेदारांची नावं व क्षेत्र बरोबर आहे का.

बहिणींचा हक्क हा नेहमी राहून जाणारा विषय. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. "त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही" म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. बहिणींना विचारून, त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड घेऊनच पुढे जावं. नाहीतर खरेदीनंतर दावा उभा राहतो आणि तेव्हा दलाल दिसेनासा होतो.

घेणाऱ्याने आणखी काही बघावं. जुने फेरफार काढावेत. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटाची आधी कुठे खरेदी, गहाणखत किंवा साठेखत झालं आहे का ते शोधावं. मोजणी करून धुरे पक्के करावेत, कारण कागदावर दोन एकर आणि ताब्यात पावणेदोन असं अनेक ठिकाणी निघतं. रस्ता नकाशावर आहे की फक्त "शेजारी जाऊ देतो" एवढ्यावर आहे, हे विचारावं.

शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. छोट्या तुकड्याला तुकडेबंदी कायदाही आडवा येतो. त्याचे नियम काही भागांसाठी सैल झाले आहेत, म्हणून आपल्या गावाला आज काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच इसार द्यावा. "होऊन जातं, माझी ओळख आहे" या वाक्यावर पैसे देऊ नयेत.

पैसे आणि सह्या: इथे सगळ्यात जास्त जपावं

इसार असो की बाकी रक्कम, पैसे घेणाऱ्याच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात यावेत. मध्ये दलालाचं खातं नको, रोख तर नकोच. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने साधारणपणे मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. खरेदीखतात भाव कमी दाखवून बाकी रोख घेतली, तर ती रोख बुडाल्यावर कुठे दाद मागायची तेही अवघड होतं.

कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. दलालाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून देऊ नये. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या "विक्री"ने मालकी मिळत नाही, मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. साठेखत किंवा इसारपावती म्हणजेही मालकी नव्हे, तो फक्त पुढच्या खरेदीचा करार आहे.

सही करण्याआधी पूर्ण कागद घरातल्या शिकलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, भाव, मुदत आणि मुदत उलटल्यावर काय, एवढं तरी ऐकावंच.

खरेदी झाली, आता पुढे?

चांगला दलाल ओळखायची शेवटची खूण खरेदीनंतर दिसते. खरेदीखत नोंदवल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत घेणाऱ्याचं काम पूर्ण झालेलं नसतं. घेणाऱ्याने दलालीचा शेवटचा हप्ता या टप्प्याला बांधून ठेवला, तर दलाल पूर्णवेळ असो की जोडधंद्यावाला, त्याचा फोन लागतो.

वाद झालाच तर, महारेरातल्या प्रकल्पाचा दलाल असेल तर महारेराकडे तक्रार करता येते. शेतजमिनीच्या दलालीचा वाद असेल तर आधी वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी, आणि खोटे कागद किंवा पैसे उकळण्याचा प्रकार असेल तर पोलिसांत तक्रार करावी. यापैकी कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न एकच येतो: कागद काय आहे?

तेव्हा पूर्णवेळ की जोडधंद्यावाला, हा प्रश्न जरूर विचारावा, पण तिथेच थांबू नये. कार्यालयीन वेळेत कोण धावणार, घेणाऱ्याचा खरा भाव कोण सांगणार आणि ठरलेलं लिहून कोण देणार, या तीन गोष्टींना जो "हो" म्हणतो आणि तसं वागतो, तो दलाल कामाचा. त्याला ठरलेली दलाली द्यायला शेतकऱ्यानेही मागेपुढे बघू नये. काम करणाऱ्याचे पैसे बुडवले तर पुढच्या वेळी गावात चांगला माणूस उभा राहत नाही.